'चित्तथरारक'च्या पलीकडे

मराठी वृत्तपत्रांत जिम्नॅस्टिक्सची बातमी आली की तिच्यात 'चित्तथरारक' आणि 'डोळ्यांचे पारणे फेडणारी' ही दोन विशेषणे हमखास भेटतात. पाहणाऱ्याचे काय झाले ते या शब्दांतून कळते; खेळाडूने काय केले ते कळत नाही. गाण्याच्या मैफलीवर आपण असे लिहीत नाही. तिथे तान, मींड, समेवर येणे अशी नावे घेऊन बोलतो. महिलांच्या अनइव्हन बार्सवरच्या अवघड कसरतींविषयी असे नेमके बोलता येईल का, आणि त्यासाठी मराठीजवळ काय भांडवल आहे, हे मला इथे तपासायचे आहे.

भांडवल आहे, आणि ते जुने आहे. अढी, बगली, फिरकी, सुईदोरा, वेल, दसरंग ही मल्लखांबातली नावे पाहा. प्रत्येक नाव शरीराने नेमके काय केले ते सांगते. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी 'व्यायामज्ञानकोश' संपादित केला, तेव्हा अशा नावांचा मोठा साठा मराठीत छापून झाला. व्यायामाच्या तपशिलासाठी आपली भाषा कधीच तोकडी नव्हती. ती वापरायचे आपण सोडून दिले.

आमच्या महालात दोरीच्या मल्लखांबावर मुली पाहतच मी मोठा झालो. दोरीला गाठ मारायची नसते. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत दोरी धरून मुलगी वर जाते, दोरीचे वेढे अंगाभोवती घेते, आणि अधांतरी आसन लावून स्थिर होते. त्यामुळे इथल्या प्रेक्षकाची नजर पकडीवर आपोआप जाते. कोणता वेढा कुठे पडला, भार कशावर आहे, हे त्याला सांगावे लागत नाही. बार्स पाहताना ही नजर कामी येते, पण अर्धीच. दोरीवर अवघड क्षण स्थिर होण्याचा आहे. बार्सवर थांबणे हाच दोष. मध्ये खंड पडला किंवा काही न करता एक झोका वाया गेला, तर गुण कापतात. दोरीवर पकड टिकवायची असते, बार्सवर ती पुन:पुन्हा सोडायची असते.

आधी साधन पाहू. वरचा दांडा सुमारे अडीच मीटर उंचीवर, खालचा सुमारे 1.7 मीटरवर. पुरुषांच्या आडव्या बारचा पोलादी दांडा 2.8 सेंटिमीटर जाडीचा असतो. महिलांचा 4 सेंटिमीटरचा. म्हणजे हात लहान आणि दांडा जाड. शिवाय खालचा दांडा सतत वाटेत उभा. उंच मुलीला वरच्या दांड्याभोवती पूर्ण वर्तुळ घेताना पाय दुमडून किंवा फाकवून त्याला चुकवावे लागते. स्वेतलाना खोर्किना जिम्नॅस्टच्या मानाने उंच होती, आणि तरी 1996 व 2000 या दोन्ही ऑलिंपिकमध्ये बार्सचे सुवर्ण तिनेच घेतले. तिची ती वर्तुळे पाहताना खालच्या दांड्याकडे लक्ष ठेवले, तर तिचे मोठेपण अधिक कळते.

आता एक कसरत उलगडून पाहू. सोव्हिएत खेळाडू अलेक्झांडर त्काचेव याच्या नावाची झेप आज जवळपास प्रत्येक मोठ्या स्पर्धेत दिसते. खेळाडू झोका घेत दांड्याखालून जाते, पाय समोरून वर चढू लागतात. या क्षणी हात सुटले तर शरीर त्याच फेऱ्यात मागे कोलांटी घेईल. तो नैसर्गिक मार्ग. त्काचेवमध्ये नेमके उलटे करायचे. छाती आणि खांद्यांनी दांडा रेटून गरगरण्याची दिशाच बदलायची, पाठीमागच्या बाजूने दांड्यावरून उडायचे आणि पलीकडे तोच दांडा पुन्हा धरायचा. पाय फाकवून केली तर ही झेप तुलनेने सोपी, कारण शरीर आखूड होते. रशियाच्या तात्याना नाबिएवाने ती पाय जुळवून, अंग सरळ ठेवून केली. तेवढ्या लांब शरीराला उलटे फिरवायला आणि दांड्यावरून पार न्यायला जास्त उंची लागते. टीव्हीवर दोन्ही झेपा 'हवेत उडाली' एवढ्याच दिसतात.

मला मात्र झेपेपेक्षा तिच्या दोन्ही टोकांचे मोल जास्त वाटते. एक टोक सुटण्याआधीचे: दांड्याखालून जाताना अंगाला दिलेला चाबकासारखा हिसका. झेपेची उंची तिथेच ठरते. दुसरे टोक पकडल्यानंतरचे. दांडा हाती आला, पण झोका मेला, तर झेप जमूनही पुढचे सगळे कोसळते. म्हणून झेपेला झेप जोडणे अवघड. पहिल्या पकडीतून उरलेल्या वेगावरच दुसरी झेप घ्यायची असते, मध्ये सावरायला जागा नसते. नियमावली अशा जोडणीला 0.1 किंवा 0.2 गुण जादा देते. आकडा किरकोळ वाटतो. मागची मेहनत तशी नाही.

याहून दुर्लक्षित प्रकार म्हणजे दांड्यावर हातांवर उभे राहून घेतलेली गिरकी. तिथे हवेत काहीच उडत नाही, त्यामुळे टाळ्याही नाहीत. पण मनगट उलटे पिळून धरलेल्या पकडीत, चालू झोक्यातून वर येत, उभ्या रेषेपासून 10 अंशांच्या आत गिरकी संपवायची. उशीर झाला की कोन वाढतो आणि गुण जातात. चीनच्या खेळाडूंचे यात वर्चस्व आहे. माझ्या मते दोरीवरच्या आसनांची सवय असलेल्या डोळ्याला हा भाग सर्वांत आधी भावायला हवा.

इथे एक लाडका आक्षेप येतो: नादियाच्या काळी कला होती, आता नुसती सर्कस. 18 जुलै 1976 ला मॉन्ट्रियलमध्ये नादिया कोमानेचीला बार्सवर 10 गुण मिळाले आणि फलकावर 1.00 उमटले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पण तो संच सक्तीचा होता. सगळ्या मुलींना तोच करायचा होता. म्हणजे ते दहा गुण सफाईचे होते, काठिण्याचा तिथे प्रश्नच नव्हता. 2006 पासून काठिण्य आणि सफाई यांचे गुण वेगळे मोजतात. पॅरिसमध्ये 2024 ला अल्जीरियाच्या कायलिया नेमूरने 15.700 गुणांनी सुवर्ण जिंकले: काठिण्याचे 7.2, सफाईचे 8.5. दहापैकी दीड गुण विजेतीनेही गमावले, हे वाचकाला उघड दिसते. जुन्या दहापेक्षा हा हिशेब मला अधिक प्रामाणिक वाटतो.

नव्या पद्धतीत दोषही आहेत. वरून खाली उडी, त्याच दांड्यावर झेप, वेगवेगळ्या पकडी, पूर्ण गिरकी अशा चार अटींचे मिळून 2 गुण ठरलेले असल्याने संच एकमेकांसारखे होऊ लागले आहेत. वरून खाली येताना उत्तर कोरियाच्या पाकची उडी, खालून वर जाताना शापोश्निकोवाच्या घराण्यातली एखादी, हा क्रम इतका रुळला आहे की काही वेळा पुढचे आधीच सांगता येते. 1972 मध्ये ओल्गा कोर्बुटने वरच्या दांड्यावर उभी राहून मागे कोलांटी घेतली. आज तसे दांड्यावर उभे राहायलाच बंदी आहे. सुरक्षिततेसाठी ते योग्य, पण अनपेक्षिताची जागा त्याने कमी झाली हेही खरे.

आपल्याकडच्या लेखनाची कसोटी 2016 ला लागली होती. रिओत दीपा कर्माकर व्हॉल्टच्या अंतिम फेरीत 15.066 गुणांसह चौथी आली, आणि आपण प्रोदुनोवा उडीतल्या मृत्यूच्या धोक्याबद्दल भरभरून लिहिले. त्याच स्पर्धेच्या पात्रता फेरीत बार्सवर तिला 11.666 गुण होते. त्या आकड्यावर कुठे लेख आल्याचे मला आठवत नाही. वास्तविक भारतीय जिम्नॅस्टिक्सची अडचण तिथे वाचता येत होती. व्हॉल्ट काही सेकंदांचा, एका स्फोटक ताकदीचा खेळ. बार्सवर लहानपणापासूनचा झोका, पडायला फोमचा खड्डा आणि सोललेल्या तळव्यांची वर्षे लागतात. धोक्याचे कौतुक केले की या गोष्टी मागण्याची गरज कुणाला वाटत नाही.

म्हणून सुचवावेसे वाटते की क्रीडा पानांनी त्काचेवला 'उलटझेप', जोडणीला 'जोड', वाया गेलेल्या झोक्याला 'रिकामा झोका' म्हणून पाहावे. याहून चांगले शब्द कुणाला सुचले तर उत्तमच. अढी आणि सुईदोरा घडवणाऱ्या भाषेला ते जड नाही. अकरा-बारा वर्षांच्या एखाद्या मुलीने पहिल्यांदा जोड साधली, तर तिच्या गावच्या बातमीत 'चित्तथरारक'ऐवजी तेवढे तरी छापून यावे.