कृपेचा अधिकारी : दोन ख्रिस्ती आत्मकथनांचा विचार

माणसाचे तारण त्याच्या कर्माने होत नाही, ते ईश्वराच्या कृपेने होते आणि मनुष्य ते केवळ विश्वासाने स्वीकारतो, हा पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील सिद्धान्त प्रॉटेस्टंट ख्रिस्ती जीवनाचा पाया होय. धर्मशास्त्राच्या ग्रंथात तो मांडणे फारसे कठीण नाही. आत्मचरित्रकारापुढे मात्र तो एक चमत्कारिक अडचण उभी करतो. आत्मचरित्र म्हणजे 'मी काय केले' याची हकीकत. आणि ज्याची हकीकत सांगावयाची, ते आपण केलेलेच नाही असे तर हा सिद्धान्त सांगतो. या अडचणीतून वाट कशी निघते, याचा विचार आपल्याकडील ख्रिस्ती आत्मकथनांच्या समीक्षेत व्हावा तसा झालेला नाही. आपण बहुधा ही पुस्तके धर्मांतराची पुस्तके म्हणून वाचतो, बाप्तिस्मा हा त्यांचा उत्कर्षबिंदू मानतो आणि पुढची पाने उपसंहारादाखल चाळतो.

या वाचनाला बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' (1888) काही अंशी कारणीभूत आहे. पदमनजींचा बाप्तिस्मा 1854 साली बेळगावात झाला. त्याकडे जाणारी वाट त्यांच्या पुस्तकात वाचन, वादविवाद, परमहंस मंडळीचा सहवास आणि मनाची चलबिचल अशा टप्प्यांनी आखलेली आहे. पहाटेनंतर सूर्य उगवावा तसे पुस्तक बाप्तिस्म्याकडे सरकते. नावातच ते सुचविलेले आहे. पदमनजींचे गद्य स्वच्छ व प्रामाणिक आहे. परंतु त्यांच्या कथनात सत्य शोधणारा पुरुष इतका कर्तृत्ववान दिसतो की, कृपेला करण्यासारखे फारसे काही उरत नाही.

पंडिता रमाबाईंची 1907 सालची 'साक्ष' या साच्यात बसत नाही. ती मूळ इंग्रजीत असली तरी तिच्यातील अनुभव एका शास्त्र्याच्या कन्येचा आहे आणि तो त्याच भूमीवरून समजून घ्यावा लागतो. रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडात वाँटेज येथे 1883 च्या सप्टेंबरात झाला. त्यानंतरची त्यांची पत्रे पाहिली तर त्यांचे मन तेव्हाही कोणाच्या ताब्यात गेलेले नव्हते असे दिसते. त्रैक्यासारखी मते केवळ चर्च सांगते म्हणून मान्य करण्यास त्यांनी नकार दिला आणि आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्या निकराने वाद घालीत राहिल्या. (ही पत्रे 1977 साली अ. भि. शहा यांनी संपादित केलेल्या संग्रहात उपलब्ध आहेत आणि 'साक्ष' त्यांच्या शेजारी ठेवून वाचणे अगत्याचे आहे.) पुढे 'साक्षी'त त्या स्वतःच कबूल करतात की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडला असे त्यांना वाटले ते सुमारे आठ वर्षांनी, विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचताना. हॅसलम हा स्वतः दीक्षित पाद्री. परंतु 1851 साली कॉर्नवॉलमध्ये व्यासपीठावर प्रवचन देत असता त्याचे स्वतःचेच परिवर्तन झाले. श्रोत्यांनी पाद्र्याला तारण मिळाल्याचा गजर केला, अशी ती हकीकत आहे. वर्षानुवर्षे ज्याचा उपदेश केला ते आपल्याजवळ नव्हते हे जाणणाऱ्या या गृहस्थाच्या कथेने रमाबाई हलल्या, यात आश्चर्य नाही. त्यांच्याजवळही पांडित्य होते.

येथे मराठी भाषा आपल्याला मदत करते. मराठी बायबलात ज्याला 'विश्वास' म्हटले आहे, त्याच्या दोन छटा आहेत. एखादे मत खरे मानणे ही एक. एखाद्यावर विसंबणे ही दुसरी. आपण माणसावर विश्वास टाकतो तेव्हा त्याची मते तपासून पाहिलेली असतातच असे नाही. रमाबाईंचा 1883 पासूनचा प्रवास हा पहिल्या अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे झालेला प्रवास आहे. पण एवढे म्हणून थांबणे म्हणजे त्यांच्या अनुभवाला कोणत्याही इंग्रज भाविकाच्या अनुभवाशेजारी नेऊन बसविणे होय. त्यांच्या बाबतीत 'कृपा' या शब्दाला धार आली ती 'अधिकार' या शब्दामुळे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकविले आणि त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. पुराणे मुखोद्गत असलेल्या त्या मुलीला पुढे शास्त्रे वाचताना आढळले ते हे की, इतर बाबतींत एकमेकांशी भांडणारे ग्रंथ एका गोष्टीवर एकमत आहेत : स्त्री आणि शूद्र यांना मोक्षाचा स्वतंत्र अधिकार नाही. 'साक्षी'तील हा भाग सर्वांत जळजळीत आहे. कर्माने तारण नाही, याचा रमाबाईंना लागलेला अर्थ असा की, अधिकार विचारला जाणार नाही. जर्मनीतील लूथरच्या मनात कर्माचे ओझे होते. रमाबाईंच्या मनात बंद दार होते. सिद्धान्त एकच, पण उघडणारी गोष्ट निराळी.

वारकरी संतांनीही अधिकाराचे हे दार ढकलले होते, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो योग्य आहे. नारायण वामन टिळकांना तुकोबा हा ख्रिस्ताकडे नेणारा पूल वाटला तो याच कारणाने. रमाबाईंचे बालपण तीर्थयात्रांत आणि संस्कृत पुराणकथनात गेले. त्यांचा हिशेब शास्त्राशी होता. टिळकांच्या आणि रमाबाईंच्या ख्रिस्ती भाषेत जो फरक पडतो त्याचे मूळ मला येथे दिसते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'कडे (1934 ते 1936) आले की प्रश्न उलटा होतो. रमाबाईंना अधिकार नाकारला गेला होता. लक्ष्मीबाईंना तो टाकावयाचा होता. पुस्तकाची सुरुवात वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून होते. सासऱ्याला सत्तावन्नच्या बंडानंतर फाशी झाली, त्या धक्क्यातून हे वेड जडले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात घ्यावयाची नाही, आणि या धुण्याला अंत नाही. लक्ष्मीबाई हे सारे हसत हसत सांगतात. परंतु कर्माने शुद्ध होण्याचा प्रयत्न माणसाला कोठे नेतो, याचे याहून प्रभावी चित्र मराठी ख्रिस्ती वाङ्मयात मला ठाऊक नाही. आणि त्यात धर्मशास्त्राचा एकही शब्द नाही. ही सुरुवात योगायोगाची नव्हे असे मी समजतो. 1895 साली टिळक ख्रिस्ती झाले, काही वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली, लक्ष्मीबाई परत आल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊन. चूल वेगळी, पाणी वेगळे. मग एके दिवशी विचार करता करता त्यांना उमजले की, जाती माणसाने केल्या, देवाने नव्हेत. आणि आपण यापुढे कोणाच्याही हातचे खाऊ, असे त्यांनी ठरविले. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. रमाबाईंचा क्रम बाप्तिस्मा आणि मग कृपेचा प्रत्यय. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत पाणी आधी आणि पंथ मागून.

येथे एक कठीण मुद्दा टाळता येत नाही. विश्वासाने जगणे म्हणजे उद्याची चिंता न करणे, असे आपण सहज म्हणतो. टिळक तसे जगले. हाती आलेला पैसा वाटून टाकला, परकी मुले घरात आणली, 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडली. त्यांच्या चरित्रात हे सारे श्रद्धेचे अलंकार ठरतात. 'स्मृतिचित्रे'त त्याच गोष्टी स्वयंपाकघरातून दिसतात, आणि तेथून त्यांची किंमत कळते. एकाच्या विश्वासाचा भार दुसऱ्याच्या डब्यातल्या पिठावर पडतो. लक्ष्मीबाई चिडतात, भांडतात, टिळकांच्या भोळेपणाची थट्टा करतात, आणि तरीही ते मूल त्यांच्या पंगतीला जेवते. या पानांवरील वैतागाला काही टीकाकारांनी केवळ विनोदाचा नमुना मानले आहे. मला तो वैताग या पुस्तकातील श्रद्धेचा पुरावाच वाटतो. न मागता आलेल्या मुलाला वाढणे म्हणजे कृपा, हे तेथे कोणी सांगत नाही. ताट मात्र मांडले जाते.

रमाबाईंच्या 'साक्षी'त असा वैताग नाही. 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुलीबायकांना त्यांनी आणले, केडगावला 'मुक्ति' उभी केली, आणि या सर्वांचे श्रेय त्या ईश्वराला देतात. त्यात दंभ नाही. पण कर्ता स्वतःला इतका मिटवून घेतो की थकवा, शंका, चूक हेही मिटतात, आणि वाचकाच्या हाती केवळ फलश्रुती उरते. कृपेचा सिद्धान्त आत्मकथनाला जी अडचण घालतो, तिचे रमाबाईंनी दिलेले हे उत्तर सिद्धान्ताशी सुसंगत आहे, पण वाङ्मय म्हणून उणे आहे. त्यांचे खरे उत्तर 'साक्षी'बाहेर शोधावे लागते. मूळ हिब्रू व ग्रीक ग्रंथांवरून साध्या मराठीत बायबल उतरविण्याचे काम त्या अखेरपर्यंत करीत होत्या. 1922 साली त्यांचे निधन झाले आणि हे भाषांतर 1924 साली पुरे छापून निघाले. संस्कृतात पारंगत असलेली ही विदुषी संस्कृतप्रचुर शब्द टाळत होती, कारण तिच्या डोळ्यांपुढे केडगावच्या अल्पशिक्षित बायका होत्या. ज्या ग्रंथाला अधिकार विचारावयाचा नाही, तो वाचावयासही अधिकार लागू नये, असा त्यामागील आग्रह दिसतो.

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आपण उलट चूक करतो. टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुरे केले, त्याचा फार मोठा भाग त्यांचाच आहे, म्हणून त्यांची श्रद्धा तेथे शोधली जाते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रीने हे महाकाव्य तडीस न्यावे, हे कौतुकास्पद खरेच. तथापि त्या ओव्यांत त्या येशूचे चरित्र सांगतात, आणि ते चरित्र त्यांच्या आधी सांगणारे पुष्कळ होते. सोवळ्याच्या चुलीपासून पोरक्या मुलांच्या पंगतीपर्यंतची वाट चाललेली दुसरी लेखिका मात्र नव्हती. त्या पुस्तकाला त्यांनी 'साक्ष' म्हटले नाही. ती चित्रे आहेत, एवढेच नावात सांगितले.