गवळणीची गोष्ट आणि जेन्नरचे पुस्तक

देवीच्या लशीची गोष्ट शाळेत, मुलांसाठी लिहिलेल्या शास्त्रज्ञांच्या चरित्रांत आणि विज्ञानदिनाच्या भाषणांत बहुधा एकाच साच्यात सांगितली जाते. इंग्लंडमधली एक गवळण डॉक्टर जेन्नरला सांगते की मला गायीची देवी येऊन गेली आहे, आता माणसाची देवी मला होणार नाही. डॉक्टरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो. ते एका मुलाला गायीची देवी टोचतात, मुलगा सुखरूप राहतो आणि जगाची देवीच्या रोगातून सुटका होते. गोष्ट आटोपशीर आहे, मुलांच्या लक्षात राहते आणि परीक्षेत दोन गुणही मिळवून देते. आमची तक्रार अशी की तिच्यातून नेमके विज्ञान गळून गेले आहे.

ही तक्रार तपासून पाहायची तर एडवर्ड जेन्नरने १७९८ साली स्वखर्चाने छापलेले पुस्तक उघडावे. त्यात गवळणीचा तो संवाद नाही. तो पुढे, जेन्नरच्या मृत्यूनंतर (१८२३) लिहिल्या गेलेल्या चरित्रातून प्रसिद्ध झाला. पुस्तकात आहेत त्या क्रमांक घातलेल्या २३ नोंदी. गवळण आहे, पण ती सोळाव्या नोंदीत : सारा नेल्म्स. तिच्या हातावरच्या फोडांचे रंगीत चित्रही दिले आहे. ज्याला टोचले तो आठ वर्षांचा जेम्स फिप्स सतराव्या नोंदीत भेटतो. मग त्याआधीच्या पानांवर काय आहे?

तिथे मुख्यतः पूर्वी कधीतरी गायीची देवी होऊन गेलेली माणसे आहेत. पहिली नोंद जोसेफ मेरेट या माळ्याची. त्याला १७७० मध्ये गायीची देवी झाली होती. १७९५ मध्ये, म्हणजे २५ वर्षांनी, त्याला माणसाच्या देवीची लस पुनःपुन्हा टोचली, तरी ती लागू झाली नाही. जॉन फिलिप्सला नवव्या वर्षी गायीची देवी झाली होती. त्याला बासष्टाव्या वर्षी टोचले, तेव्हाही परिणाम तोच. जेन्नर गावकऱ्यांचा समज ऐकून थांबला नाही. त्याने तो माणसामाणसावर पडताळून पाहिला आणि लिहून ठेवला.

इथे चौकस विद्यार्थी विचारील की १७९५ मध्ये माणसाच्या देवीची लस टोचत होते म्हणजे काय? लशीचा शोध तर त्यानंतरचा! या प्रश्नाला आपल्या गोष्टीत उत्तरच नाही, कारण तिने जुनी पद्धत पुसून टाकली आहे. देवीच्या रोग्याच्या फोडातला द्रव निरोगी माणसाच्या त्वचेत टोचायचा, म्हणजे बहुधा सौम्य देवी येते आणि पुढे तो रोग होत नाही, ही रीत तुर्कस्तान आणि आपला देश यांत जुनी होती. बंगालमधले टीकादार हे काम कसे करतात, याचे वर्णन हॉलवेल या इंग्रज वैद्याने १७६७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केले. इंग्लंडमध्ये ही रीत मेरी माँटेग्यू या बाईंच्या पुढाकाराने १७२१ पासून रुजली. खुद्द जेन्नरलाही लहानपणी असेच टोचले होते. नैसर्गिक देवीत शंभरातले वीस-तीस रोगी दगावत. या रीतीत शंभरात एखाददुसरा. मात्र टोचलेल्या माणसापासून इतरांना खरी देवी होऊ शके.

हीच जुनी रीत जेन्नरच्या प्रयोगाची कसोटी ठरली. १४ मे १७९६ रोजी त्याने फिप्सला सारा नेल्म्सच्या फोडातली लस टोचली. १ जुलैला त्याच मुलाला माणसाची देवी टोचली. ती लागली नाही. दुसरा भाग गाळला, तर पहिल्याला काही अर्थ उरत नाही. बेंजामिन जेस्टी या शेतकऱ्याने १७७४ मध्येच आपल्या बायकोला आणि दोन मुलांना गायीची देवी टोचली होती. त्याचे धाडस मोठे, पण त्याने ते प्रसिद्ध केले नाही. जेन्नरचे वेगळेपण पडताळा घेण्यात आणि तो जगापुढे मांडण्यात आहे.

एका मुलावरून निष्कर्ष काढणे रॉयल सोसायटीलाही पटले नाही. १७९७ मध्ये त्याचा निबंध छापला गेला नाही. गोष्टीत हा प्रसंग असलाच, तर विद्वानांच्या आडमुठेपणाचा नमुना म्हणून येतो. आमच्या मते त्यांची शंका रास्त होती. परिसरातल्या गायींत ती देवी पुन्हा दिसेपर्यंत, म्हणजे १७९८ च्या वसंतापर्यंत, जेन्नरला थांबावे लागले. मग त्याने गायीची लस विल्यम समर्सला, समर्सच्या दंडावरची विल्यम पीडला आणि पीडची हॅना एक्सेलला टोचली. गाय जवळ नसली तरी हातावरून हातावर लस पुढे नेता येते, हे यातून दिसले. याच साखळीने बगदाद-बसऱ्यामार्गे लस मुंबईला पोचली आणि १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लागू झाली. हिंदुस्थानात यशस्वीपणे देवी काढून घेणारी ही पहिली व्यक्ती.

जेन्नरचे पुस्तक निर्दोष आहे असे मात्र नाही. नोंदी थोड्या आहेत. अठराव्या नोंदीतला पाच वर्षांचा जॉन बेकर तापाने आजारी पडल्यामुळे त्याची कसोटी झालीच नाही. तो दगावल्याचे जेन्नरने नंतरच्या लिखाणात सांगितले. एकदा टोचले की जन्मभराचे संरक्षण, हा त्याचा दावा टिकला नाही. काही वर्षांनी पुन्हा टोचावे लागते, हे एकोणिसाव्या शतकात कळून आले. गायीची देवी मुळात घोड्यांकडून येते, या त्याच्या मताची पुष्कळ टिंगल झाली. पण १९०२ सालच्या एका अमेरिकी लशीची जनुकीय तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यातला विषाणू घोड्याच्या देवीच्या विषाणूचा अगदी जवळचा निघाला. आणि गरीब घरच्या मुलांवर असे प्रयोग करणे आजच्या कोणत्याही नियमात बसणार नाही, हेही वर्गात स्पष्ट सांगायला हवे.

गोष्टीचा शेवटही फसवा आहे. लस सापडल्यापासून रोग जाईपर्यंत पावणेदोनशेहून अधिक वर्षे गेली. १९७४ मध्ये भारतात देवीचे सुमारे १,८८,००० रुग्ण होते. १९७५ मध्ये तो आकडा शून्यावर आला, तो उष्णतेत टिकणारी कोरडी लस, दुभंगलेल्या टोकाची सुई आणि घरोघर फिरून रोगी शोधणारे हजारो कर्मचारी यांच्यामुळे. रोगी सापडला की त्याच्या आसपासच्या सर्वांना टोचायचे, असे ते धोरण होते. जागतिक आरोग्य परिषदेने ८ मे १९८० रोजी देवीनिर्मूलनाची घोषणा केली. त्या कर्मचाऱ्यांपैकी एकाचेही नाव मुलांच्या पुस्तकांत आम्हाला आढळत नाही.

एवढा खल कशासाठी, असे कोणी विचारील. आजच्या विद्यार्थ्यांच्या दंडावर देवीचा वण नाही, त्यांनी देवीचा रोगी पाहिलेला नाही. लशीवर विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारावर, हा प्रश्न मात्र करोनाच्या साथीत त्यांच्या घरोघरी विचारला गेला. ज्याला फक्त गवळणीची गोष्ट माहीत आहे, त्याच्याजवळ या प्रश्नाला एका थोर माणसाच्या नावापलीकडे उत्तर नाही. आणि अफवाही कुणा ना कुणा थोर माणसाच्याच नावावर खपतात.

गोष्ट टाकून द्यावी असे आम्ही म्हणत नाही. ती सांगून झाल्यावर शिक्षकांनी फळ्यावर तीन प्रश्न लिहावेत : जेन्नरने काय पाहिले? ते खरे आहे हे त्याने कसे तपासले? त्याचे काय चुकले आणि ते कोणी, कसे दुरुस्त केले? पहिल्याचे उत्तर मुले गोष्टीतून देतील. उरलेल्या दोहोंसाठी एक तासिका खुशाल खर्च करावी.