पसायदानातला प्रसाद

पसायदान आपल्यापैकी बहुतेकांना शाळेतच पाठ झालं. आमच्या मोऱ्यातही सप्ताह असो की शाळेचा कार्यक्रम, शेवटी सगळे त्यासाठी उभे राहतात. इतकं पाठ आहे म्हणूनच बहुधा ‘पसाय’ म्हणजे काय, हा प्रश्न पडत नाही.

पहिला अंदाज ‘पसाभर’मधल्या पशाचा. हात पुढे करून मागणं, म्हणजे अर्थही जुळतो. पण पसा आला ‘प्रसृति’वरून. पसाय म्हणजे ‘प्रसाद’: प्राकृतात ‘प्र’चा ‘प’ झाला, ‘द’ गळला, तिथे ‘य’ आला.

प्रसाद मुळात पेढा नव्हे. ‘प्रसन्न’ आणि ‘प्रसाद’ एकाच धातूचे. मूळ अर्थ निवळणं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात प्रसाद म्हणजे मनाचं निवळणं. मम्मटाने माधुर्य आणि ओजाच्या जोडीला मानलेला प्रसादगुण म्हणजे वाचताक्षणी अर्थ कळणं. मन निवळलेला देव कृपा करतो, म्हणून प्रसाद म्हणजे कृपा, आणि तिची खूण म्हणून हातावर पडणारा खाऊ.

तोच खाऊ देवापुढे ठेवताना नैवेद्य असतो. ‘निवेदन’ आणि ‘नैवेद्य’ही एकाच घरचे. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत नैवेद्य ही रिक्वेस्ट, प्रसाद हा रिस्पॉन्स.

शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, ज्ञानदेव सुमारे ९,००० ओव्यांचा वाग्यज्ञ देवापुढे ठेवतात आणि पसाय मागतात. हाच शब्द राजस्थानात ‘लाखपसाव’ झाला: राजांनी चारण कवींना दिलेलं मोठं इनाम. कवीने रचायचं, धन्याने प्रसन्न होऊन द्यायचं. ज्ञानदेव रीत तीच ठेवतात, फक्त घेणारा बदलतात. खळांचा वाकडेपणा जावा, जिवांची मैत्री व्हावी, ज्याला जे हवं ते मिळावं. स्वतःसाठी काहीच मागत नाहीत.

शेवटी विश्वेश्वर ‘होईल’ म्हणतो, आणि तिथे शब्द उलटा होतो: ‘पसायदान’चं ‘दानपसावो’. मागितलेलं आता दिलेलं झालं. म्हणून पसायदानाला नुसती प्रार्थना म्हणणं मला अपुरं वाटतं. त्यात उत्तरही आहे. आपण मात्र ते मागण्याच्याच सुरात गातो आणि उत्तर न ऐकताच पांगतो.

प्रसाद आधी वाटायचा, मग खायचा, हे घरोघरी शिकवलेलं असतं. ज्ञानदेव सुखी होतात तेही सगळ्यांना वाटून झाल्यावर, अगदी शेवटच्या शब्दांत.