‘मी’चे विघटन आणि राजकीय आशय : ‘रेडिओहेड’च्या संगीताचा विचार

कलाकृती राजकीय होऊ लागली की ती अधिक थेट, अधिक सुबोध व्हावी, असे बांधिलकीच्या चर्चेत बहुधा गृहीत धरले जाते. प्रयोगशीलता ही मग राजकीय जाणिवेच्या विरोधी टोकाला ढकलली जाते. इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायरमधून आलेल्या ‘रेडिओहेड’ या रॉक बँडची १९९३ ते २००३ या काळातील वाटचाल हे गृहीतक तपासून पाहण्यास भाग पाडते.

‘पाब्लो हनी’ (१९९३) या पहिल्या अल्बममधील गाजलेल्या ‘क्रीप’ या गीतातला ‘मी’ आत्मतुच्छतेने ग्रासलेला आहे. त्याची व्यथा सर्वस्वी खाजगी आहे. ‘ओके कंप्यूटर’ (१९९७) मध्ये या व्यथेला सामाजिक परिस्थितीची चौकट लाभते. ‘फिटर हॅपियर’मध्ये संगणकाचा कृत्रिम आवाज कार्यक्षम, सुखी जीवनाची सूत्रे वाचत जातो. येथे निषेधाचे वाक्य कोणी उच्चारत नाही. आवाजाची निवड हाच निषेध ठरतो.

‘किड ए’ (२०००) मध्ये गिटार मागे सरते आणि ‘मी’ही. ‘इडिओटेक’मध्ये पॉल लान्स्की यांच्या १९७३ सालच्या संगणकनिर्मित रचनेचा अंश येतो. शीर्षकगीतात गायक थॉम यॉर्कचा आवाज यंत्रातून गाळून येतो. काही ओळी तर कागदाच्या चिठ्ठ्या टोपीतून उचलून जुळवलेल्या आहेत. दादावादी त्रिस्तान त्सारा यांनी सुचवलेलीच ही पद्धत होय. गायकाचे आत्मनिवेदन हाच रॉक संगीताच्या बाजारातील विकाऊ माल असेल, तर ते मोडून काढणे ही राजकीय कृती ठरते, असा युक्तिवाद यावरून करता येईल. अडोर्नो यांनी बांधिलकीवरील आपल्या निबंधात (१९६२) सार्त्र व ब्रेख्त यांच्यापेक्षा काफ्का व बेकेट यांना झुकते माप दिले, त्यामागची भूमिकाही याच जातीची आहे.

परंतु हा युक्तिवाद पुरेसा नाही. टोपीतून निघालेल्या चिठ्ठीला प्रतिपक्ष नसतो. यदृच्छा कोणावरही आरोप ठेवीत नाही. शिवाय विक्रीसाठी एकही सिंगल न काढता हा अल्बम अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. बाजाराने दुर्बोधतेलाही मोल दिले.

म्हणूनच ‘हेल टू द थीफ’ (२००३) निर्णायक ठरतो. अमेरिकेतील २००० सालच्या वादग्रस्त अध्यक्षीय निवडणुकीनंतरच्या निदर्शनांतील घोषणा त्याच्या नावात आहे आणि गिटारही परतलेली आहे. ही माघार नव्हे. ऑर्वेलच्या कादंबरीची आठवण जागवणाऱ्या ‘टू प्लस टू इक्वल्स फाइव्ह’मध्ये ‘मी’ परततो, पण तो आता केवळ बळी नाही. घरात दडून असत्य मान्य करणारा, म्हणजेच अपराधात सहभागी असलेला तो ‘मी’ आहे. ‘क्रीप’मधल्या आत्मकरुणेतून या ‘मी’पर्यंत थेट वाट नव्हती, त्यासाठी मधला मोडतोडीचा टप्पा आवश्यक होता. प्रयोग म्हणजे राजकारण नव्हे. मात्र राजकीय विधान करणारा ‘मी’ कोण, हा प्रश्न प्रयोगानेच विचारता येण्याजोगा केला.