ब्रिक गेम : पुनर्भेट आणि मूल्यमापन

१९९० नंतरच्या दशकात जत्रांतून व खेळण्यांच्या दुकानांतून घरोघरी गेलेला ‘ब्रिक गेम’ आज त्याचे चाहते मोबाइलवर पुन्हा खेळू लागले आहेत. या पुनर्भेटीत स्मरणरंजन पुष्कळ, परीक्षण थोडे. वेष्टनावरील ‘९९९९ खेळ’ हा आकडा अजूनही कौतुकाने सांगितला जातो. वस्तुतः त्या मोजक्याच खेळांच्या, वेग व पातळी बदलून केलेल्या आवृत्त्या होत.

या खेळण्याचे खरे बळ त्याच्या दारिद्र्यात आहे. १० स्तंभ आणि २० ओळी, म्हणजे अवघ्या २०० चौकटी. त्यांतूनच वीट, मोटार, रणगाडा, साप हे सारे घडवावयाचे. वृत्ताचे बंधन कवीकडून जे करवून घेते, त्याच जातीचे हे काम. अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ साली मॉस्कोत ‘टेट्रिस’ प्रथम रचला, तोही चित्रे न काढू शकणाऱ्या संगणकावर, कंसचिन्हांच्या विटांनी. तेव्हा नक्कल म्हणून हिणवले गेलेले हे स्वस्त यंत्र नंतरच्या रंगीत आवृत्त्यांपेक्षा मूळ कल्पनेच्या अधिक निकट होते.

मोबाइलवरील प्रतिकृतीत चौकटी तेवढ्या उरतात. दौंड स्थानकावर गाडीची किंवा शिरूरला एसटीची वाट पाहणाऱ्या मुलाच्या हातातील, सेलांवर चालणाऱ्या त्या यंत्राचा पडदा भर उन्हातही स्पष्ट दिसे, आणि अंगठ्याला बटन न पाहता सापडे. गुळगुळीत काचेवर तोच अंगठा चाचपडतो. डाव लवकर संपतो, आणि चाहते मात्र दोष आपल्या वयाला देतात.