विजेचं बिल ले-आउटमध्येच ठरतं

यवतमाळात मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो तेव्हा रात्री अकरालाही स्लॅब गरमच असतो. कूलरवर भागवणारी घरं आता हप्त्यावर एसी घेताहेत. या घरांसाठी आपल्या धोरणात काय आहे, हे बघायला मी कागद काढून बसलो.

२०१८ ची इको-निवास संहिता घ्या. शास्त्र म्हणून ती उत्तम आहे, हे आधीच सांगतो. छतातून किती उष्णता आत यावी याला मर्यादा आहे, उघडणाऱ्या खिडक्या किती हव्यात हेही ठरवून दिलंय. पण तिचा उंबरठा ५०० चौरस मीटरच्या भूखंडाचा! आता वाघापूर, लोहाऱ्याकडचा प्लॉट आठवा. दीड हजार चौरस फूट, म्हणजे जेमतेम १४० चौरस मीटर. व्यापारी इमारतींच्या संहितेत हाच उंबरठा १०० किलोवॉट जोडभाराचा. दत्त चौकातलं साधं दुकान त्यात कसं बसणार?

राज्याची २०२० ची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली वेगळी वाट धरते. हरित मानांकन आणा, ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय घ्या. पुण्याच्या बिल्डरला हे गणित जमेल. इथं आहे तो एफएसआय वापरायलाच माणसाकडे पैसा नाही.

माझा खरा आक्षेप पुढे आहे. हे नियम इमारतीपासून सुरू होतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. शेत एनए होतं, ले-आउट पडतो. रस्ता उत्तर-दक्षिण आखला की एका ओळीचं तोंड आणि दुसऱ्या ओळीची पाठ कायमची पश्चिमेच्या उन्हात. तोच रस्ता पूर्व-पश्चिम आखला असता तर मावळतीच्या भिंतीवर शेजारच्या घराची सावली पडली असती, फुकटात. (पूर्वमुखी प्लॉटला भाव जास्त, हे मलाही माहीत आहे.) मोठ्या ले-आउटला १० टक्के मोकळी जागा सक्तीची आहे, रस्त्याची रुंदीही मोजतात. दिशेची अट मात्र नाही.

पाण्याचं बघा. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा, चापडोह तळाला गेले आणि सगळी भिस्त बेंबळावर आली. ते धरण लांब, शिवाय शहरापेक्षा बरंच खाली. हजार लिटर पाणी १०० मीटर चढवायला, पंपातली घट धरून, साधारण ०.४ युनिट जातात. शहर जितकं विस्कटत पसरेल तितकी पाइपलाइन लांबते, तितकं गळतं. ती वीज मुख्यतः कोळशाची, आणि आपल्याच जिल्ह्यात वणीला तो कोळसा खणतात.

म्हणून मागणी एवढीच: संहितेतली छताची आणि खिडकीची कलमं लहान प्लॉटलाही लावा, एका पानाच्या सोप्या नमुन्यात. आणि ले-आउटच्या फाइलीत रस्त्याच्या दिशेचा एक रकाना घाला.

आता प्रश्न घेऊ. पूर्वमुखीचा येणारच, तोच आधी विचारा.