संभाषणाला कुलूप, नोंदवही उघडी

फोनवरच्या खासगीपणाचा विषय निघाला की बहुतेकांना चोरून ऐकणारा माणूस आठवतो. आपल्या कायद्यानेही खासगीपणाची कल्पना बऱ्याच अंशी याच चित्रावरून बेतलेली आहे. हे चित्र अपुरे आहे, हे ओळखण्याची एक चांगली संधी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाला (ट्रायला) मिळाली होती. दूरसंचार क्षेत्रातील माहितीचे खासगीपण, सुरक्षितता आणि मालकी या विषयावर ट्रायने १६ जुलै २०१८ रोजी शिफारशी प्रसिद्ध केल्या. ग्राहक हाच आपल्या माहितीचा मालक, कंपन्या केवळ राखणदार, अशी स्वच्छ भूमिका त्यात घेतली होती. दस्तऐवज ग्राहकाच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. तरीही त्यातील एका शिफारशीत विज्ञानाच्या दृष्टीने दोष आहे, आणि पुढच्या कायद्याने तो दुरुस्त केलेला नाही. धाराशिवसारख्या विरळ वस्तीच्या जिल्ह्याचे उदाहरण घेतले तर हा दोष चांगला समजतो.

प्रथम यंत्रणा पाहू. खिशातला रेडिओ फक्त ऐकतो. तो कोठे आहे हे आकाशवाणीला कधीच कळत नाही. मोबाईल फोनचे तसे नाही. तुम्हाला आलेला कॉल देशातल्या लाखो मनोऱ्यांपैकी नेमक्या कोणत्या मनोऱ्यावरून सोडायचा हे जाळ्याला ठाऊक असावे लागते. म्हणून फोन स्वस्थ पडून असतानाही अधूनमधून आपण कोणत्या विभागात आहोत ते कळवत राहतो. कॉल, संदेश किंवा इंटरनेटची जोडणी सुरू झाली की नेमका मनोराही ठरतो. फोनच्या लहरी मनोऱ्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो तेही यंत्रणा मोजते. जुन्या जीएसएम पद्धतीत या मोजणीची एक पायरी सुमारे ५५० मीटरची असे. हे हेरगिरीसाठी केलेले नाही. याच्याशिवाय मोबाईल फोन चालणारच नाही.

या सगळ्यातून जी नोंद उरते तिला सीडीआर म्हणतात. कोणी, कोणाला, केव्हा, किती वेळ फोन केला, कोणत्या सिमवरून, कोणत्या यंत्रावरून आणि कोणत्या मनोऱ्याखालून, एवढे तिच्यात असते. काय बोलले ते नसते. अशा माहितीला 'मेटाडेटा', म्हणजे माहितीविषयीची माहिती, असे नाव आहे. पत्र आणि पाकीट ही तुलना नेहमी दिली जाते, पण शिक्षकांना तिच्यापेक्षा जवळचे उदाहरण हजेरीपटाचे आहे. मुलाने वर्गात काय शिकले ते हजेरीपट सांगत नाही. पण दिवाळीच्या आगेमागे एकाच वस्तीतल्या सहा मुलांपुढे सलग गैरहजेरीच्या खुणा पडू लागल्या, की त्यांची घरे ऊसतोडीला गेली हे मराठवाड्यातल्या शिक्षकाला कोणी सांगावे लागत नाही. कोरड्या खुणांचा क्रम बोलका असतो. सीडीआर हा असाच हजेरीपट आहे. फरक इतकाच की तो दिवसातून शेकडो वेळा भरला जातो, आणि तो वाचायला माणूस लागत नाही, संगणक पुरतो. संभाषण समजून घ्यायला कोणीतरी तासन्तास ऐकत बसावे लागते. नोंदी मात्र लाखो माणसांच्या एकदम चाळता येतात.

आता ट्रायची शिफारस. ज्यांच्या हाती ग्राहकांची माहिती असते अशा सर्वांना, मेटाडेटा वापरून व्यक्तीची ओळख पटवण्यास मनाई असावी, असे ट्रायने म्हटले आहे. हेतू उत्तम आहे. पण यामागे एक गृहीतक दडलेले आहे: नोंदीतून नाव आणि क्रमांक काढून टाकले की ती निनावी होते, आणि ओळख पटवायची तर मुद्दाम काही वेगळे कृत्य करावे लागते. हे गृहीतक वर्गात, फळ्यावर तपासता येते.

२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्याची (तेव्हाच्या उस्मानाबादची) लोकसंख्या १६,५७,५७६ आणि क्षेत्रफळ ७,५६९ चौरस किलोमीटर होते. म्हणजे दर चौरस किलोमीटरला सुमारे २१९ माणसे. ग्रामीण भागातील एका मनोऱ्याचा आवाका पाच किलोमीटर त्रिज्येचा धरू. वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस किलोमीटर होईल आणि त्यात १७ हजार माणसे येतील, जिल्ह्याच्या जवळजवळ एक शतांश. एवढ्या गर्दीत कोण कोणाला ओळखणार? 'सोमवारी सकाळी अकराला तेरच्या मनोऱ्याखाली' ही नोंद खरोखरच निनावी वाटते. आता दुसरी नोंद जोडू: मंगळवारी रात्री दहाला धाराशिव शहरात. माणसांचे येणे-जाणे एकमेकांशी असंबद्ध आहे असे घटकाभर मानले, तर दोन्ही ठिकाणी असलेली माणसे १७ हजारांचा शंभरावा भाग, म्हणजे १७० च्या आसपास उरतील. तिसरी नोंद, रविवारी दुपारी कळंब: उरली एक-दोन. चौथ्या नोंदीची गरजच पडली नाही.

हुशार विद्यार्थी येथे हरकत घेतील, आणि ती घेतलीच पाहिजे. माणसे स्वैर फिरत नाहीत. बाजाराच्या दिवशी सारे गाव एकाच रस्त्याने जाते. नवरात्रात अर्धा जिल्हा तुळजापुरात असतो. असंबद्धतेचे गृहीतक चुकीचे आहे, तेव्हा खरा आकडा आपल्या गणितापेक्षा मोठा यायला हवा. किती मोठा, हे प्रत्यक्ष मोजूनच कळेल. तसे मोजमाप झालेले आहे. ईव्ह-अलेक्झांडर द माँजॉय आणि सहकाऱ्यांनी युरोपातील एका देशातल्या १५ लाख ग्राहकांच्या १५ महिन्यांच्या निनावी नोंदी तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वेळ तासाच्या आणि जागा मनोऱ्याच्या अचूकतेने माहीत असेल, तर केवळ चार नोंदींवरून ९५ टक्के माणसे इतर सर्वांपासून वेगळी काढता येतात. म्हणजे ओळख पटवायला नाव लागतच नाही. माझे घर, माझी शाळा, माझे सासर आणि मी गेल्या महिन्यात ज्या लग्नाला गेलो ते गाव ज्याला ठाऊक आहे, तो निनावी नोंदींच्या ढिगाऱ्यातून मला उचलून बाजूला ठेवू शकतो. आणि एकदा उचलले की बाकीच्या सगळ्या नोंदीही माझ्याच.

या अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. खेड्यात मनोरे लांब लांब असतात, त्यामुळे आमची जागा ढोबळच कळते, म्हणून आम्ही सुरक्षित, असे अनेकांना वाटते. पण नोंदींची जाळी दहापट विरळ केली तरी माणसांचे वेगळेपण साधारण एक पंचमांशानेच घटते. विरळ मनोरे हा आडोसा नव्हे. शिवाय विरळ वस्तीत प्रत्येक ठिकाणाचा अर्थ चटकन लागतो. पुण्यातल्या एखाद्या मनोऱ्याखाली शंभर कार्यालये असतील. कळंबच्या माणसाच्या नोंदीत महिन्यातून दोनदा बार्शी आणि तेथल्या कर्करोग रुग्णालयाचा क्रमांक दिसू लागला, तर काय ऐकायचे उरले? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी आठशेहून अधिक स्वयंसेवकांच्या नुसत्या फोननोंदी तपासून २०१६ मध्ये दाखवले की त्यांतून आजारपणासारख्या गोष्टींचाही माग लागतो.

तेव्हा मेटाडेटा ओळखीसाठी वापरू नका असे सांगणे म्हणजे फोटो जवळ ठेवा पण चेहरा पाहू नका असे सांगण्यासारखे आहे. नोंदी निनावी करण्याची मानके ठरवण्यासाठी अभ्यास व्हावा, असेही ट्रायने सुचवले होते. म्हणजे अडचणीची थोडी जाणीव होती. मग माहितीची त्यावेळची व्याख्या तूर्त पुरेशी आहे असे म्हणायला नको होते. 'संवेदनशील' माहितीची यादी २०११ च्या नियमांत होती. तिच्यात संकेतशब्द, बँकेचे तपशील, प्रकृती, शारीरिक ओळखखुणा वगैरे होते. फोनच्या नोंदी आणि ठावठिकाणा नव्हता. प्रकृतीची माहिती संवेदनशील, पण जिच्यातून प्रकृती वाचता येते ती नोंद साधी, ही विसंगती तेव्हाच दूर करता आली असती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ही विसंगती अजब रीतीने मिटवली: संवेदनशील माहिती हा वेगळा वर्गच त्यात ठेवला नाही.

नोंदी गोळाच होऊ नयेत, असा माझा सूर नाही. २०१० च्या हैतीमधील भूकंपानंतर संशोधकांनी १९ लाख सिमकार्डांच्या हालचालींवरून राजधानीतून किती माणसे कोठे गेली याचा अंदाज काढला आणि तो मदतकार्याला उपयोगी पडला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूरची घरे कोसळली तेव्हा आपल्याकडे मोबाईल सेवा सुरू व्हायला जवळजवळ दोन वर्षे होती. असता, तर कोणत्या गावाचे फोन एकाएकी गप्प झाले यावरून मदत लवकर वळवता आली असती. पण अशा कामाला गावागणिक बेरजा पुरतात. माणसागणिक इतिहास लागत नाही. हा भेद आपल्या नियमांत स्पष्टपणे यायला हवा होता.

त्याऐवजी नियमांनी संभाषण आणि नोंद यांच्यात उलटाच भेद केला. १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फोनवरचे संभाषण हा खासगीपणाचा भाग ठरवला. तेव्हापासून फोन ऐकायचा तर, तातडीचे अपवाद सोडता, केंद्र किंवा राज्याच्या गृहसचिवांची आज्ञा लागते आणि तिची छाननी समितीपुढे होते. सीडीआर मात्र व्यवहारात पोलीस अधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या मागणीवर मिळतो. गुन्ह्याच्या तपासात त्याचा मोठा उपयोग आहे, हे खरेच. पण नोंदवहीचे दार सैल राहिले की तिचा बाजार होतो. २०१३ मध्ये राज्यसभेतील तत्कालीन विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांच्या फोनच्या नोंदी बेकायदा मिळवण्याच्या प्रयत्नाबद्दल दिल्लीत एका पोलीस शिपायाला अटक झाली. २०१८ च्या आरंभी ठाणे पोलिसांनी सीडीआर मिळवून विकल्याच्या आरोपावरून काही खासगी गुप्तहेरांना पकडले. संशयी जोडीदार, धंद्यातला प्रतिस्पर्धी, भावकीतला भांडखोर: गिऱ्हाइकांची वाण पडण्याचे कारण नाही.

नोंदी जेवढे दिवस राहतील तेवढा हा धोका वाढतो. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्याची अट बदलून सीडीआर जतन करण्याची किमान मुदत एक वर्षावरून दोन वर्षे केली. त्याआधी ८ एप्रिल २०१४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने सरसकट सगळ्यांच्या नोंदी सहा महिने ते दोन वर्षे राखायला लावणारा तेथला निर्देश रद्दबातल केला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यानंतरही ही मुदत दुप्पट व्हावी आणि त्यावर फारशी चर्चाही होऊ नये, हे मला खटकते.

२०२३ च्या कायद्यात कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंड सरकारी निधीत जातो; ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची सोय या कायद्यात नाही. उलट ग्राहकाने खोटी तक्रार केली तर त्यालाच दहा हजारांपर्यंत दंड आहे. मालक म्हणून गौरवलेल्या माणसाच्या वाट्याला हे आले. त्यातून मालक कोण, हाही प्रश्न आहेच. एका कॉलला दोन टोके असतात. माझी नोंद ही तुमचीही नोंद असते. आणि आपल्याकडे सिम वडिलांच्या नावावर, फोन आईच्या हातात, गृहपाठ मुलीचा, असे एका क्रमांकावर सारे घर चालते. संमती कोणाची घ्यायची? सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची नावे तरी लागतात. मोबाईलच्या अर्जावर एकच नाव असते.

संमतीबाबत या कायद्यात एक चांगली तरतूद आहे, ती शिक्षकांनी ध्यानात ठेवावी. माहिती घेण्यापूर्वीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय कंपनीने ठेवली पाहिजे, आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम निघाले, तेव्हा संमतीची ही कलमे १८ महिन्यांनी लागू होतील असे ठरले. ती मराठी सूचना हाती आली की नववीच्या वर्गात मोठ्याने वाचून पाहावी, आणि मनोऱ्यांच्या नोंदी किती दिवस ठेवणार हे तिच्यातून मुलांना सापडते का ते विचारावे.